आठ हजार सायटेशन म्हणजे आठ हजार सह्या नव्हेत

परवा औशाहून दाजींचा फोन आला. भाचीला, तिसरीतल्या लेकराला, "मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन"च्या, म्हणजे मेंदूचा मधला भाग "चालू" करून देतो म्हणणाऱ्या, क्लासला घातलंय, फी १८ हजार, अर्धी भरली पण. चार क्विंटलभर सोयाबीनचे पैसे आहेत हो ते. कशावरून विश्वास बसला विचारलं तर त्यांनी तोच मेसेज पाठवला जो महिनाभर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरायलाय.

मेसेजात असंय की एक मोठे न्यूरोसायंटिस्ट, म्हणजे मेंदूवर संशोधन करणारे, आहेत, त्यांचे १८० रिसर्च पेपर, ८ हजार सायटेशन, एच-इंडेक्स ४२, जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत नाव, "८ हजार शास्त्रज्ञांनी त्यांच्या संशोधनाला मान्यता दिली" आणि त्यातून सिद्ध झालंय की मिडब्रेन चालू केला की लेकरं डोळ्यावर पट्टी बांधून वाचतात. त्यांचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांचा यात काही दोष दिसत नाही, त्यांचं नाव कोणीतरी परस्पर वापरायलंय.

आधी ती "मान्यता" बघू, कारण दाजी तिथंच फसले. सायटेशन म्हणजे दुसऱ्यानं आपल्या पेपरात तुमच्या पेपरचा उल्लेख केला, बस्स. एकच माणूस पन्नासदा करू शकतो, तुम्ही स्वतः स्वतःचा करू शकता, आणि "यांचं चुकलं" म्हणून केलेला उल्लेख पण त्याच आकड्यात धरला जातो. २०१६ ला लातूरचं नाव देशभरातल्या वर्तमानपत्रांत रोज यायचं, ते काय कौतुकानं? मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं म्हणून.

आणि कौतुकाचे उल्लेख असले तरी काम खरंच असेल असं नाही. मेंदूच्याच संशोधनातलं बघा. २००६ ला "नेचर" या विज्ञान साप्ताहिकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या सिल्व्हेन लेस्ने आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, की उंदराच्या मेंदूतल्या एका ठराविक प्रोटीनमुळं स्मरणशक्ती जाते. अल्झायमरवर काम करणाऱ्यांनी तो उचलून धरला, २ हजारांहून जास्त सायटेशन झाले. मग २०२२ मध्ये "सायन्स" साप्ताहिकानं छापलं की मॅथ्यू श्राग नावाच्या न्यूरोलॉजिस्टला त्यातल्या फोटोंत फेरफार केल्याच्या खुणा सापडल्यात, आणि २०२४ ला पेपर मागं घ्यावा लागला. अठरा वर्षं! एवढी वर्षं आकडा वाढतच होता, ज्यांच्या घरात आई-वडलांना विस्मरण झालंय ते आशेनं बघत होते, आणि त्या २ हजार उल्लेखांनी फोटो खरे झाले नाहीत. मग ८ हजार आकडा दाखवून "सिद्ध झालं" कसं काय म्हणायलेत हे लोक?

एच-इंडेक्सचं पटकन सांगतो. ४२ म्हणजे ४२ पेपर असे की प्रत्येकाचा किमान ४२ वेळा उल्लेख झालाय. हिर्श नावाच्या फिजिक्सच्या माणसानं २००५ ला काढलेलं हे माप आहे, पण ते फुगवता पण येतं. २०२४ मध्ये दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावानं खोटे पेपर टाकून गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या रिसर्च पेपर शोधायच्या साइटवर, त्याचा एच-इंडेक्स ११ करून दाखवला होता. १८० पेपरचं तर बोलायलाच नको, नुसत्या संख्येवर काम मोठं ठरत नाही. मेंदूवर काम करणाऱ्या जॉन ओकीफ यांनी एका सहकाऱ्यासोबत १९७१ ला जेमतेम पाच पानांच्या पेपरात दाखवलं की उंदीर ठराविक जागी आला की त्याच्या मेंदूतल्या ठराविक पेशी जाग्या होतात, ओकीफना २०१४ च्या नोबेलमधला वाटा मिळाला तो त्याच शोधाला.

टॉप २ टक्के मात्र मान्य करावं लागतं. यादी खरी आहे, स्टॅनफर्डचे इओआनिडिस आणि त्यांची टीम स्कोपस नावाच्या रिसर्च पेपरांच्या डेटाबेसवरून काढते, आणि त्यात नाव येणं सोपं नाही. आपल्या मराठवाड्यातल्या कॉलेजांत धड साधनं नसताना राबून ज्यांनी त्यात नाव आणलं त्यांचा मला अभिमानच आहे. पण ती गणितानं काढलेली यादी आहे, कोणी पेपर वाचून शिक्का मारलेला नसतो.

आता मूळ गोष्ट, जी मेसेज टाकणाऱ्या एकानंही बघितली नाही. ते १८० पेपर आहेत कशावर? मी रात्री बसून त्यांची प्रोफाइल शेवटपर्यंत खाली सरकवली, एकेक शीर्षक वाचलं. उंदरांची झोप, झोपमोड, स्ट्रोकनंतरची झोप. पट्टी बांधून वाचण्यावर एक ओळ नाही, लेकरांवर एक पेपर नाही. माणूस झोपेच्या विषयातला जाणकार आणि त्याच्या नावावर हे पट्टी विकायलेत.

मिडब्रेन चालू करायचा नसतोच, तो जन्मापासून चालूच असतो. दाजींना म्हणलं, आत्ता मोबाईलची टॉर्च लावा आणि पोरीच्या डोळ्यावर क्षणभर धरा. धरली. "बाहुली बारीक झाली की," म्हणाले. म्हणलं, ते मिडब्रेनमधूनच होतं, त्याला १८ हजार लागत नाहीत. मग भाची फोनवर आली आणि हळूच बोलली, "मामा, नाकापाशी फट राहते, तिथनं दिसतंय, पण सर म्हणतात कोणाला सांगायचं नाही."

आठ वर्षांच्या लेकराला पैसे घेऊन खोटं बोलायला शिकवायलेत. दाजी, दुसरा हप्ता भरू नका, रविवारी मी येतो, पावती घेऊन दोघं मिळून त्या क्लासवर जाऊ.