सकाळी सलाम, दुपारी गॅलरी

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन चालू झाला की आमच्याकडं रविवारचं जेवण लवकर उरकतं. अकराला चर्चची उपासना सुटते, बाराला तांबडा-पांढरा पोटात आणि दोनच्या आत मी गॅलरीत. बायको म्हणते, "प्रभूच्या घरातनं निघायची एवढी घाई कुणालाच नसते." खोटं नाही. शेवटचं गीत सहा कडव्यांचं निघालं की माझी नजर घड्याळावर जाते. (पाळकसाहेब फेसबुकवर आहेत. साहेब, सलाम. आम्हा ख्रिस्ती लोकांचा नमस्कार तो.)

ख्रिस्ती घरात वाढलेल्या कोल्हापुरी माणसाला दोन मंडळ्या असतात. एक चर्चची, दुसरी पेठेची, म्हणजे तिथल्या तालमीची आणि तिच्या फुटबॉल संघाची. तालमीच्या कट्ट्यावर बसायला बाप्तिस्म्याचा दाखला कुणी मागितला नाही. आईच्या मयतीला दफनभूमीत माती द्यायला चर्चच्या माणसांइतकीच तालमीची पोरं उभी होती. त्यामुळं "आता वय झालं, फुटबॉलचा नाद सोड" असं कुणी म्हणालं की मला "पेठ सोड" असंच ऐकू येतं.

आमच्या चर्चमध्ये फुटबॉलवरून वाद होतो तो कायम घड्याळावरून. ट्रायल रविवारी सकाळीच का ठेवतात, संडे स्कूलला, म्हणजे चर्चमधल्या पोरांच्या बायबल-वर्गाला, पोरं का येत नाहीत, शब्बाथ म्हणजे देवासाठी राखलेला विश्रांतीचा दिवस पाळायचा की नाही. १८ डिसेंबर २०२२ आठवतोय का? रविवार, वर्ल्डकप फायनल, अर्जेंटिना-फ्रान्स, आपल्याकडं रात्री साडेआठला. पेठापेठांत मेस्सीचे कटआउट. आणि नेमका त्याच रात्री आमचा कॅरल राउंड, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी. ढोलकी, खंजिरी, टाळ घेऊन आम्ही दारोदार. घरातली माणसं दारात उभी, मान मात्र टीव्हीकडं. एम्बापेनं ८० आणि ८१व्या मिनिटाला लागोपाठ दोन गोल मारले तेव्हा आमचा खंजिरीवाला एका खिडकीला असा चिकटला की कडवं संपलं तरी खंजिरी गप्प. मंडळीतले एक वडील (म्हणजे चर्चचे एल्डर) भडकले, "बेथलेहेमच्या मेंढपाळांनी कळप सोडले, तुम्हाला टीव्ही सोडवंना!" सगळे हसले. मग पुढच्या घरी वडीलच आधी आत शिरले. पेनल्टी शूटआउट संपेपर्यंत बाहेर आले नाहीत.

घड्याळाचा प्रश्न मला अवघड वाटत नाही. संडे स्कूल आठला घ्या, नाहीतर शनिवारी संध्याकाळी घ्या. बायबलमध्ये प्रेषित पौलानं ग्रीसमधल्या करिंथच्या लोकांना लिहिताना धावणाऱ्याचं, मुष्टियुद्धाचं उदाहरण दिलं, कारण करिंथजवळच इस्थमियन स्पर्धा भरायच्या आणि पानांच्या मुगुटासाठी माणसं कशी घाम गाळतात हे त्या लोकांना ठाऊक होतं. त्यानं खेळाला नावं ठेवली नाहीत. मग आपण कशाला ठेवायची?

माझी अडचण वेगळी आहे. ती तोंडाची आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. समोरच्या संघाच्या गोलकीपरनं आमचे तीन हमखास गोल अडवले. मी गोलपोस्टच्या मागच्या बाजूला होतो. तिसऱ्या सेव्हनंतर त्याच्या आयाबहिणींचा उद्धार केला. चांगला घसा ताणून, आजूबाजूच्यांना घेऊन. तो पोरगा आमच्याच मंडळीतला. त्याच सकाळी मी प्रभुभोजनाची थाळी फिरवली होती आणि त्यानं माझ्याच हातातून भाकर घेतली होती. गोलपोस्टखाली कोण उभं आहे हे मला माहीत नव्हतं असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. माहीत होतं.

पुढच्या रविवारी चर्चच्या पायरीवर तो भेटला. "सलाम काका. तुमचा आवाज लांबपर्यंत येतोय." बस्स, एवढंच. हसत म्हणाला, आणि आत गेला. त्या दिवशीचा उपदेश कशावर होता, मला विचारू नका.

पॅरिस म्हटलं की आता आपल्याला स्वप्नील कुसाळेचं २०२४चं ब्राँझ आठवतं. त्याच्या शंभर वर्षं आधी, १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटलंडच्या एरिक लिडेल या धावपटूनं रविवारी हीट (प्राथमिक फेरी) आहे म्हणून १०० मीटर सोडली आणि ४०० मीटरला ४७.६ सेकंदांत सोनं घेतलं. आमच्या उपदेशांत ही गोष्ट हमखास येते, आणि इथंच थांबते. पुढची मला जास्त आवडते. लिडेल मिशनरी म्हणून चीनला गेला. युद्धात जपान्यांनी त्याला वेशियनच्या कॅम्पात डांबलं. तिथं तो पोरांचे खेळ घ्यायचा, रविवार सोडून. एका रविवारी पोरांनी आपापली हॉकी मांडली आणि पंच नसल्यामुळं मारामारी झाली. त्यानंतर लिडेल स्वतः रविवारी पंच म्हणून उभा राहिला. ज्यानं रविवारपायी ऑलिंपिकची शर्यत सोडली, त्यानं पोरं एकमेकांची डोकी फोडू नयेत म्हणून तो रविवार मोडला. फेब्रुवारी १९४५मध्ये तो त्याच कॅम्पात वारला.

राहिला प्रश्न जिंकण्यासाठी प्रार्थना करायची का. मी करतो, लाज वाटते, तरी करतो. पण सांगलीचे क्रिकेटपटू विजय हजारे आठवतात. आपले मराठी ख्रिस्ती. धर्मावर संघ पाडायचे त्या काळात, १९४३च्या पेंटँग्युलर या पाच संघांच्या क्रिकेट स्पर्धेच्या फायनलला ते 'रेस्ट'कडून, म्हणजे ख्रिस्ती वगैरे उरलेल्यांच्या संघाकडून, हिंदू संघाविरुद्ध खेळले. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावांत एकट्याच्या ३०९. तरी रेस्ट डावानं हरलं. देवाला आपल्या पेठेच्या पट्टीत बसवायला निघालो की हा स्कोअरकार्ड मी स्वतःला दाखवतो.

येत्या रविवारी चारला मॅच आहे. तो पोरगा अजून समोरच्याच संघात, अजून तसाच उड्या मारतोय. मी त्याच जागी, पोस्टच्या मागं बसणार आहे. त्यानं गोल खावेत असं वाटतंच, त्याला माझा इलाज नाही.