"मेलेल्या कोंबड्या रात्रीत पुरून टाका" म्हणे! बर्ड फ्लूच्या त्या मेसेजला उत्तर

परवापासून आधी गावच्या ग्रुपवर, मग मेव्हण्याच्या पोल्ट्रीवाल्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: बर्ड फ्लू बिर्ड फ्लू काही नसतं, कोंबड्या उन्हानं मरतात, सॅम्पल भोपाळच्या सरकारी लॅबला नेऊन हवा तसा रिपोर्ट बनवतात, पॉझिटिव्ह आलं की दहा किलोमीटरमधल्या सगळ्या कोंबड्या मारतात आणि एक रुपया देत नाहीत, म्हणून मरतूक लागली तर कुणाला सांगू नका, मेलेल्या रात्रीत पुरून टाका. आणि रोग असलाच तर तो तळ्यावरच्या पाहुण्या पक्ष्यांचा, फटाके लावून हाकला त्यांना. मी डॉक्टर नाही, पण मेव्हण्याचं मोहोळकडं शेड आहे आणि थंडीत मी स्वतः हिप्परग्याच्या तलावावर दुर्बीण घेऊन पडलेला असतो, त्यामुळं दोन्हीकडनं झोंबलं.

आधी ऊन. सोलापुरात उन्हानं कोंबडी मरत नाही असं कोण म्हणंल, मे महिन्यात मेव्हणा दिवसभर पत्र्यावर पाणीच मारत असतो. पण उन्हाची मरतूक दुपारी वाढते, वजनदार पक्षी आधी जातात आणि गारवा झाला की थांबते. आता हे बघा: भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६. परभणीजवळ मुरुंब्याला जानेवारी २०२१. उदगीरला कावळे पडले ते जानेवारी २०२५. जानेवारी-फेब्रुवारीत कुठलं ऊन लागलं त्यांना? (उन्हाळ्यात हा रोग येतच नाही असंही समजू नका.)

तुरा निळा-काळा पडणं, तोंड सुजणं, एकदम पटापट मरणं ही लक्षणं आहेत खरी, पण मानमोडीतही (म्हणजे राणीखेत रोगात) पक्षी असेच धडाधड जातात. नुसतं बघून भल्याभल्या डॉक्टरला खात्रीनं सांगता येत नाही, टेस्ट त्यासाठीच असते की राव.

आता भोपाळ. ह्यावर लोक फार चिडतात, आठ दिवस काय करतात म्हणून. तर पक्ष्याच्या घशातनं एक आणि विष्ठेच्या वाटेतनं एक असा कापसाचा बोळा फिरवून नमुना घेतात, तो खास द्रावणाच्या नळीत घालून बर्फात ठेवतात, मग लॅबमध्ये पीसीआर करून विषाणूचा अंश आहे का बघतात, असला तर एच५ (घातक बर्ड फ्लूचा गट) आहे का दुसरा कुठला ते बघतात, कारण एच९एन२ सारखा सौम्य प्रकारही आपल्याकडं कोंबड्यांत असतो आणि त्याच्यासाठी कोण शेड रिकामं करत नाही. पुण्यात औंधला लॅब आहे, पण शेवटचं शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत, कारण जिवंत विषाणू हाताळायचा म्हणजे हवासुद्धा गाळून बाहेर सोडणारी लॅब लागते, ती काय तालुक्या-तालुक्यात बांधता येते का. आणि खरं सांगू, नमुना वाया जातो तो बऱ्याचदा आपल्यामुळं. दोन दिवस उन्हात कुजलेली कोंबडी दिली तर निगेटिव्ह आलेल्या रिपोर्टलाही अर्थ राहत नाही.

दहा किलोमीटरची गोष्ट अर्धी खरी आहे म्हणून जास्त धोकादायक. कोंबड्या मारतात त्या साधारण एक किलोमीटरच्या आत. तिथनं दहा किलोमीटरपर्यंत लक्ष ठेवायचा भाग, म्हणजे नमुने घेतात, पक्ष्यांच्या आणि अंड्यांच्या वाहतुकीवर बंधनं येतात. बंधनांनी धंदा बसतो, ते मी नाकारत नाही. भरपाई मिळते, अर्धी केंद्राची अर्धी राज्याची, बाजारभावाएवढी नसते आणि कंपनीकडनं करारावर पक्षी घेतले असतील तर पैसे कुणाच्या हातात जाणार ह्यावर भांडणं होतात. पण भरपाई सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची असते, आधीच मेलेल्यांची नाही! म्हणजे मेसेज ऐकून चार दिवस लपवलं, शेडमधले निम्मे गेले, तर त्या निम्म्याचे पैसे बुडाले. हा सल्ला देणारा तुमचा हितचिंतक कसा?

फटाक्यांचं तर डोकंच फिरलं माझं. पट्टकादंब, बदकं हे पक्षी विषाणू वाहून आणू शकतात, काही बदकं तर आजारी न दिसताच पसरवतात, मान्य. पण हाकलले तर ते जाणार कुठं, शेजारच्या तळ्यावर, उजनीवर, म्हणजे एका ठिकाणचा रोग चार ठिकाणी. शिवाय शेडमध्ये रोग शिरतो तो बऱ्याचदा क्रेट, गाडी, खाद्याची पोती आणि आपल्या चपलांवरनं, त्याला फटाके लावणार का? उलट रानातला मेलेला पक्षी ही फुकटात मिळालेली खबर असते, उदगीरला कावळ्यांवरनंच कळलं. एका जागी दोन-चार कावळे पडलेले दिसले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ ह्या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा, कुत्र्या-मांजरांना तिथं फिरकू देऊ नका.

मेसेजच्या शेवटी म्हणे "चिकन खाल्लं की मेलाच". अरे, वर म्हणालास रोगच नाही, मग मेला कशानं? ७० अंशाला विषाणू मरतो, आपला काळ्या मसाल्याचा रस्सा तर अर्धा तास रटरटतो. जपायचं ते कच्चं मांस साफ करताना, आणि आजारी कोंबडी कापायचीच नाही.

मेव्हण्याकडं गेल्या थंडीत दोन दिवसांत साठ पक्षी गेले होते. शेजारी तेच म्हणत होते, पुरून टाक आणि गप बस. त्यानं डॉक्टरला बोलावलं, नमुने गेले, रिपोर्ट येईपर्यंत मेव्हणा रात्रभर झोपला नाही. आलं काय तर बर्ड फ्लू निगेटिव्ह, मानमोडी निघाली, लस पाण्यातनं देताना कुठंतरी गडबड झालेली. पुढच्या लॉटला लस नीट दिली. पुरायला सांगणारा शेजारी आता लसीचं पाणी किती आणि कसं ते विचारायला त्याच्याकडंच येतो.