रात्रपाळीची लाईट

जानेवारीत गावी गेलो होतो. आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यात, ढालगावच्या अलीकडं. पठारावरच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या की घर आलं, हे आमच्या पोरांनाही पाठ झालंय. तर त्याच पवनचक्क्यांच्या पायथ्याला रात्री दीड वाजता आमचा थोरला चुलतभाऊ उठला, गमबूट चढवले, कपाळाला बॅटरी बांधली आणि गव्हाचं दारं धरायला निघाला. त्या आठवड्यात थ्री फेज, म्हणजे शेतातली मोटर चालवणारी लाईट, रात्रीची होती. मीही गेलो मागोमाग. स्टार्टर दोनदा खटकन पडला, तिसऱ्यांदा मोटरनं उचल घेतली. बांधावर बसल्या बसल्या मी शहाणपणा केला, "दादा, देशात आता निम्मी क्षमता कोळशाबाहेरची झाली."

दादा फावड्यानं वरंबा फोडत म्हणाला, "झाली आसंल बाबा. त्या निम्म्यातली आमच्या वाट्याला कवा यायची?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. बातमी खोटी नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं की स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा-तेल-गॅस सोडून इतर स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला. सुमारे ४८५ गिगावॅटपैकी २४३. २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं. पण त्यात मोठी धरणं आणि अणुवीजही धरलीय. आणि क्षमता म्हणजे वीज नव्हे. दहा एचपीची मोटर बसवली म्हणून विहिरीला पाणी लागत नाही. सौर पॅनेल वर्षाच्या सरासरीनं क्षमतेच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच वीज देतं. त्यामुळं प्रत्यक्ष युनिटं मोजली तर जवळपास पाऊण वीज अजून कोळशाचीच.

राजस्थानात तर उलटीच तऱ्हा. तिथं भरदुपारी वीज उदंड, पण वाहून न्यायला पुरेशी लाईन नाही, म्हणून सौर प्रकल्पांना निर्मिती कमी करायला सांगावं लागतं. सौर पार्क दीड-दोन वर्षांत उभं राहतं, वीज लांब नेणाऱ्या ७६५ केव्हीच्या लाईनला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. मनोऱ्यांची जागा, परवानग्या, वर माळढोक पक्ष्याच्या अधिवासाचा कोर्टात गेलेला प्रश्न. उद्घाटनाचा फोटो पार्कचा निघतो, तारेचा कोण काढतंय?

आमच्या पवनचक्क्यांचं म्हणाल तर वारं सुटतं आषाढ-श्रावणात. तेव्हा पाती गरागरा फिरतात आणि शेतातल्या मोटरी बंद असतात. माघात पीक पाण्याला येतं तेव्हा पाती पेंगुळलेली. साठवणुकीची सोय होत नाही तोवर हे असंच चालणार.

आता गंमत बघा. धाकट्या चुलतभावाकडं वीजजोडणीच नव्हती. त्यानं 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत दहा टक्के हिस्सा भरला आणि पाच एचपीचा पंप बसला. सकाळी नऊला चालू, चारला बंद, रात्री गडी घोरत पडतो. पावसाळ्यात कंट्रोलर बिघडला तेव्हा कंपनीचा माणूस यायला दीड महिना लागला, ते सोडा. योजना चांगली आहे, मी तरी नावं ठेवणार नाही. पण ती आहे जोडणी नसलेल्यांसाठी. थोरल्यानं वीस वर्षांपूर्वी कोटेशन भरून रीतसर जोडणी घेतली, म्हणून तो अडकला. त्याच्यासाठी रस्ता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचा, म्हणजे शेतांना वीज देणारी अख्खी लाईन, फीडरच, सौरवर. ती योजना २०१७ ची, २०२३ मध्ये नव्यानं आणली. आमच्या फीडरचा नंबर लागलेला नाही. दोघांच्या रानात बांध एकच, एक रात्री झोपतो आणि एक विंचूकाटा तुडवत हिंडतो.

कर्नाटकात पावगडच्या सौर पार्कसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी विकत न घेता एकरी वर्षाला एकवीस हजार भाड्यानं घेतल्या. मला हे फार पटलं होतं. पण त्या रानात खुरपायला जाणाऱ्या भूमिहीन बायांना भाडं कुठलं? शहरातही तेच, ज्याचं छप्पर त्याचं अनुदान. छतावरच्या तीन किलोवॅट सौर पॅनेलला ७८ हजार मिळतात खरे, पण आमच्या पुण्यातल्या सोसायटीत गच्ची कुणाची यावरच तिसरी मीटिंग उधळली. २०२२ पर्यंत देशात छतांवर ४० गिगावॅट होणार होतं, त्याचा पाचवा हिस्साही झाला नाही.

काल दादाचा फोन होता. म्हटलं, "या आठवड्यात दिवसपाळी ना? झोप मिळत आसंल."

"दिवसपाळी हाय," तो म्हणाला, "पर डीपीतला ट्रान्सफार्मर जळालाय. डोई हजार वर्गणी काढायचं चाललंय. तुझं धरू का?"