मांजरं पोत्यात भरून सोडल्याने कमी होत नाहीत

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो : ‘मांजरांना खायला घालू नका, त्यानेच ती वाढतात. आहेत ती पोत्यात भरून मासळी बाजारात सोडा. नसबंदी निसर्गाविरुद्ध आहे. शिवाय गरोदर बायकांना मांजरांपासून धोका असतो.’ पाठवणारे दुष्ट नसतात; रात्रीच्या बोक्यांच्या भांडणांनी आणि जिन्यातल्या वासाने वैतागलेले असतात. पण या सल्ल्याने त्यांचाही त्रास मिटत नाही.

आधी मासळी बाजार. मांजर जागा धरून राहतं. परक्या बाजारात तिथले बोके त्याला टिकू देत नाहीत, मग ते घराची वाट शोधत गाडीखाली येतं. उचललेली भाटी लेकुरवाळी असेल, तर मीटरच्या खोलीत राहिलेली पिल्लं दुधावाचून मरतात. इकडे कचरा, उंदीर, आडोसा तसाच असतो, म्हणून शेजारच्या गल्लीतली मांजरं येऊन राहतात. प्राण्याची उपासमार होईल अशा ठिकाणी त्याला टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार गुन्हाही आहे.

गरोदरपणाचा धोका अगदीच खोटा नाही. पण तो धोका ज्या परजीवीचा, त्या मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्माचा संसर्ग कच्चं राहिलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यांतूनही होतो. गरोदर बाईने मांजराची विष्ठा उचलू नये, मातीत काम केल्यावर हात धुवावेत. त्यासाठी मांजर हाकलायची गरज नाही.

खायला घालण्याबद्दलचा आरोप मात्र अर्धा खरा आहे. नुसतं खायला घालून नसबंदी टाळली, तर पिल्लं वाढणारच. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, साधारण ६५ दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. पण खाणं बंद केलं, तर ती कचऱ्याचे डबे उपसते आणि हाती लागत नाही. रोज ठरल्या वेळी, ठरल्या कोपऱ्यात ताटली ठेवली की मांजरं वेळेवर येतात, मोजता येतात, गाभण कोण आणि आजारी कोण ते कळतं. मग नसबंदीसाठी पकडायला तीच ताटली पिंजऱ्यात सरकवायची. आदल्या रात्री खाणं बंद, कारण भुलीसाठीही पोट रिकामं लागतं. दार पडताच पिंजऱ्यावर जुनी चादर टाका, अंधारात ती शांत होतात. पहिल्या वेळी मला हे ठाऊक नव्हतं आणि एका बोक्याने जाळीवर नाक आपटून रक्तबंबाळ करून घेतलं. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

नसबंदीच्या भुलीत असतानाच खूण म्हणून कानाचं टोक कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडलं जात नाही. एक-दोन रात्री कुणाच्या तरी बाथरूममध्ये ठेवून जिथलं तिथेच सोडायचं. नसबंदी झालेले बोके भांडणं आणि उग्र वासाचं मुतणं बरंच कमी करतात. निसर्गाचं नाव घेणाऱ्यांची मूळ तक्रार तीच तर होती. मांजराला हात लावायची भीती वाटत असेल, तर रिक्षाभाडं द्या, पिंजऱ्याला जागा द्या.

आमच्या इमारतीत कान कापलेली सहा मांजरं आहेत. सातवी, बी विंगमधली तांबूस भाटी, पिल्लांनी दूध सोडलं की पकडायची आहे. तोवर तिला रोज संध्याकाळी सातला उकडलेल्या मासळीचा भात मिळतो.