विकत घेतलेल्या मुलीनं आई शोधू नये म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. रामबागेतून सुदामानगरात, तिथून पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांकडे आणि परत इथे. एका तरुणीचा फोटो आहे. तिला तान्ही असताना पैसे देऊन आणलं होतं आणि आता ती जन्मदात्या आईला शोधते आहे, असं लिहून खाली उपदेश केलाय. मुद्दे थोडक्यात असे: पैसे देऊन मूल घेतलं आणि लाडानं वाढवलं तर ती तस्करी नव्हे, दत्तकच. आईबापांनीच विकलं असताना त्यांना शोधणारी मुलगी कृतघ्न. शोधायचंच असेल तर 'कारा'कडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेकडे, अर्ज करा, आठवड्यात नाव-पत्ता मिळतो. नाहीतर डीएनए द्या. मूल हरवलं तर पोलीस चोवीस तासांआधी तक्रार घेत नाहीत. झोळीवाले दिसले की धरा. आणि हा फोटो जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.

हा मेसेज माझ्या मावशीनं माझ्या मामेबहिणीला पाठवला. म्हणजे तिच्या सख्ख्या आत्यानं. खाली स्वतःची एक ओळ: "बघ गं, जरा विचार कर."

बहिणीनं मामीच्या मेडिक्लेमसाठी जुन्या फायली काढल्या होत्या. त्यात पिवळं पडलेलं एक डिस्चार्ज कार्ड निघालं. मामीचं गर्भाशय काढल्याची तारीख त्यावर होती आणि ती बहिणीच्या जन्मतारखेच्या दीड वर्ष आधीची होती. जन्मदाखल्यावर मात्र आईच्या रकान्यात मामीचंच नाव, प्रसूतिगृहाचं नाव, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. त्या दिवसापासून ती जी काही झोप घेते ती गोळीवर. तिला हा मेसेज वाचायला लावणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे.

पहिला मुद्दा: पैसे दिले तरी दत्तकच. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि हे वाक्य मला पक्षकारांकडूनही ऐकावं लागतं. किशोर न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ८१ काढून बघा. मूल विकणारा आणि विकत घेणारा, दोघांनाही पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड. कारण कोणतंही असो. भीक मागायला लावण्यासाठी घेतलं काय नि पाळण्यात घालण्यासाठी घेतलं काय, कलमात फरक नाही. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच विकलं, तर शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षं. या दुसऱ्या गटात रुग्णालय, नर्सिंग होम आणि प्रसूतिगृहाचे कर्मचारी कायद्यानं नाव घेऊन घातले आहेत. ते उगाच घातलेले नाहीत. खोटा जन्म जिथे कागदावर उभा राहतो ती जागा तीच.

यात अर्धं सत्य आहे तेवढं मान्य करते. हिंदू दत्तक कायद्याखाली आईवडील स्वतःचं मूल थेट दुसऱ्याच्या ओटीत घालू शकतात, त्याला 'कारा' लागत नाही. दिराचं मूल, बहिणीचं मूल असं आपल्याकडे पूर्वापार झालंय आणि ते कायदेशीर आहे. पण त्याच कायद्याचं कलम १७ दत्तकासाठी पैसे घेण्या-देण्याला बंदी करतं आणि तो कायदा १९५६ चा आहे. त्यामुळे "तेव्हा कुठे कायदा होता" हेही कुणी सांगू नये. शिवाय माझ्या बहिणीचं दत्तकविधान कधी झालंच नाही. तिच्या जन्माची नोंदच खोटी केली गेली.

आता दुसरा मुद्दा. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे. "आईबापांनीच विकलं." कुणी सांगितलं? मामीला त्या प्रसूतिगृहातल्या बाईनं सांगितलं होतं की पोरीची आई नको म्हणतेय. मामाला त्याच बाईनं सांगितलं की आई बाळंतपणात दगावली. मामा-मामींनी ही दोन्ही वाक्यं इतकी वर्षं एकमेकांना न विचारता जपली. बहिणीनं दोघांना समोरासमोर बसवलं तेव्हा कळलं की जिवंत बाई आणि मेलेली बाई एकच. त्या आईबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे ते सगळं विकणाऱ्याच्या तोंडून आलेलं आहे. ज्यानं दाखला खोटा केला, पैसे मोजून घेतले, त्याच माणसाच्या शब्दावर एका अनोळखी बाईला तुम्ही पोटची पोर विकणारी ठरवता?

तिला बाळ मेलेलं जन्मलं असं सांगितलं असेल. ती लग्नाआधीची असेल आणि घरच्यांनी तिला न विचारता सौदा केला असेल. तिनं अंगठा दिलाही असेल, पण कशावर देतेय हे तिला माहीत नसेल. मुलाला खरंच वाढवता येत नसेल तर कायद्यानं रस्ता ठेवलाय: बाल कल्याण समितीपुढे मूल सुपूर्द करायचं, आणि त्यानंतरही मन बदललं तर दोन महिन्यांच्या आत ते परत मागायचा हक्क असतो. प्रसूतिगृहाच्या मागच्या दारानं मूल बाहेर पडलं की आईचे ते दोन महिनेही जातात.

आणि मुलं चोरली जातात, हे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये वाराणसीकडच्या प्रकरणात लिहून ठेवलंय. गरिबांची मुलं पळवून विकणाऱ्या टोळीतल्या आरोपींचा जामीन रद्द करताना न्यायालयानं सांगितलं की रुग्णालयातून नवजात बाळाची तस्करी झाली तर सगळ्यात आधी त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करा. जामिनाविरुद्ध धावून गेलेले त्या मुलांच्याच घरचे होते. विकणारे आईबाप असे वरच्या न्यायालयापर्यंत जात नाहीत.

कृतघ्नपणाचं म्हणाल तर खांडवा काही लांब नाही. तिथला सरू ब्रायर्ली १९८६ मध्ये लहानपणी चुकून गाडीनं हावड्याला पोचला आणि पुढे रीतसर दत्तक म्हणून ऑस्ट्रेलियात गेला. तो विकला गेला नव्हता, हरवला होता. पण घरी त्याच्याही नावानं लोकांनी हात टेकले असतील. उपग्रहाच्या नकाशावर वर्षानुवर्षं रेल्वेचे रूळ धुंडाळत तो २०१२ मध्ये परत आला, तेव्हा आई त्याच खांडव्यात होती. ऑस्ट्रेलियातल्या आईवडिलांशी त्याचं नातं त्यामुळे तुटलं नाही. माझी बहीणही मामीच्या गुडघ्यांना अजून रोज रात्री तेल लावते. मामीला ती सोडून जाईल ही भीती आम्हा नातेवाइकांना आहे. मामीला नाही. डिस्चार्ज कार्डाची फोटोकॉपी मामीनं स्वतः काढून दिली.

'कारा'कडून आठवड्यात पत्ता मिळतो, हे लिहिणाऱ्यानं दत्तक नियमावली उघडलेलीसुद्धा नाही. मुळं शोधण्याची तरतूद तिच्यात आहे. अठरा वर्षांपुढच्या दत्तक मुलाला स्वतः अर्ज करता येतो. पण तिऱ्हाईताला असा शोध घेता येत नाही, आणि जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लागेल असं काही उघड करता येत नाही. म्हणजे रीतसर दत्तक गेलेल्यांनाही वाट सरळ नाही. खोट्या जन्मदाखल्याच्या मुलांची तर 'कारा'कडे फाइलच नसते. डॉक्टरांना दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायचं बंधन आहे. तीसेक वर्षांपूर्वीचं बाळंतपणाचं रजिस्टर कुठे मिळणार? शोध माणसांतूनच घ्यावा लागतो. तेव्हाच्या आया, नर्सबाई, रिक्षावाले, शेजारच्या चहावाल्याची म्हातारी आई.

डीएनएचंही तसंच. चाचणी दोन माणसांची तुलना करते. दुसरा माणूस आधी सापडावा लागतो. सामान्य लोकांचे नमुने ठेवून जुळवणारी सरकारी बँक आपल्याकडे नाही. इंदूरकरांनी तरी गीताला विसरू नये. बोलता-ऐकता न येणारी ही मुलगी २६ ऑक्टोबर २०१५ ला पाकिस्तानातून परत आली आणि आपल्याच शहरातल्या संस्थेत राहिली. आमचीच मुलगी म्हणत किती घरं पुढे आली आणि चाचण्या जुळल्या नाहीत. शेवटी सांकेतिक भाषा जाणणारे लोक तिला घेऊन नांदेड-परभणीकडे फिरले, तिच्या आठवणीतल्या खुणा जुळवत गेले, आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या आईपर्यंत पोचले. सगळं सरकार पाठीशी असताना पाच वर्षांहून अधिक लागली.

चोवीस तासांचा मुद्दा निव्वळ खोटा आणि धोकादायक आहे. मूल बेपत्ता झालं की लगेच गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलंय. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ किंवा पोलिसांचा ११२ लावा आणि ठाण्यात जा. उद्या या म्हणाले तर तिथून हलू नका.

झोळीवाल्यांबद्दलची ओळ ज्यानं घातली त्यानं राईनपाड्याची नावं वाचावीत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागायला आलेले. आपल्या धार जिल्ह्यात मनावरजवळ फेब्रुवारी २०२० मध्ये तेच घडलं. मजुरांना दिलेली उचल परत मागायला गेलेल्या शेतकऱ्यांना गावानं मारलं, एक जण गेला. माझ्या बहिणीला विकलं त्या बाईच्या खांद्यावर झोळी नव्हती. तिच्या अंगावर पांढरा गणवेश होता.

राहिला फोटो. तो पुढे पाठवू नका आणि पाठवला असेल तर काढा. जी बाई सापडायची आहे तिचं कदाचित वेगळं घर असेल, सासर असेल, ज्यांना यातलं काहीच ठाऊक नसेल. हा फोटो त्यांच्या फोनवर आधी पोचला तर ती कायमची दार लावून घेईल. मदत करायची असेल तर घरातल्या जुन्या माणसांना विचारा: त्या काळात कोणत्या प्रसूतिगृहातून कुणी मूल आणल्याचं त्यांना आठवतं का. आठवत असेल तर ग्रुपवर लिहू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन सांगा. तिथे स्त्रियांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००. बहिणीचा अर्ज आम्ही तिथूनच केला आहे आणि तो मागे घ्यायचा तिचा विचार नाही, हे मावशीनंही इथेच वाचावं.