प्लॉट घ्यायचाय, मग सल्ला कोणाचा? ‘मेंटर पकडा’वर माझं उत्तर

गेल्या आठवड्यात भाचीने मला एक मेसेज पाठवला. तोच मेसेज त्याआधी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि मग शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही येऊन गेला होता. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: जमिनीत पैसे टाकणाऱ्या नवख्याने कायदे आणि कागद शिकत बसू नये. एक यशस्वी मेंटर पकडावा आणि तो सांगेल तो प्लॉट घ्यावा. एजंट फुकटात मार्गदर्शन करतोच, मग वकिलाला पैसे कशाला? आरएल (नियमितीकरणाचं पत्र) असला की कागद क्लिअर. आवडलेला प्लॉट बयाणा देऊन अडकवून ठेवावा, रजिस्ट्री सवडीने करावी. आणि जमिनीचा भाव कधी उतरत नाही, त्यामुळे चूक झाली तरी भरून निघते.

खाली तिने विचारलं होतं, “मावशी, बरोबर आहे ना?” ती नागपूरला मिहानमध्ये नोकरी करते, चार वर्षांत 6 लाख बाजूला टाकलेत. बरोबर नाही. का नाही, ते इथे लिहिते, कारण हा मेसेज तिच्या एकटीकडे आलेला नाही.

आधी मेंटरचं पाहू. शेअर बाजारात फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर 2013 पासून सेबीकडे नोंदणी करावी लागते. प्लॉट कुठे घ्यावा हे शिकवायला असं काहीच लागत नाही. कोणीही हॉटेलचा हॉल घेऊन दोन दिवसांचा कोर्स विकू शकतो. शिकवणारे सगळे खोटे असतात असं मी म्हणत नाही. पण कोर्सच्या शेवटी ‘आपल्या विद्यार्थ्यांसाठी खास दरात’ एखादा ले-आउट पुढे आला, तर तिथे शिकवणी संपली आणि विक्री सुरू झाली. अशा माणसाला एकच प्रश्न विचारायचा: मी हा प्लॉट घेतला नाही, तर तुमचं काय जाईल? ज्याचं काहीच जात नाही, तो तुमचा मार्गदर्शक.

‘एजंट फुकट सांगतो’ याचंही उत्तर याच प्रश्नात आहे. एजंट वाईट नसतो. नागपुरात कुठल्या रस्त्याला पाणी साचतं, कुठे नळाची लाइन आलीय, हे चांगल्या एजंटइतकं कोणाला ठाऊक नसतं, आणि ते त्याला जरूर विचारावं. पण त्याची कमाई सौदा होण्यावर आहे. ‘हा घेऊ नका’ हे वाक्य त्याला परवडत नाही. रेरामध्ये, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांसाठीच्या कायद्याखाली, नोंदलेल्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकणाऱ्या एजंटलाही महारेराची (या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते, आता तर त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. नोंदणी क्रमांक मागितल्यावर जो चिडतो, त्याच्या गाडीत बसू नये.

आता आरएल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथेच मी स्वतः पडले होते.

2015 साली दिघोरीच्या पुढे, उमरेड रोडकडे, एका एजंटने मला प्लॉट दाखवला. मे महिना, काळी माती भेगाळलेली, तिच्यावर ताज्या चुन्याच्या रेषा आणि कोपऱ्यांना नंबर घातलेले दगड. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून आरएल लेटर काढून माझ्या हातात दिलं. शिक्का होता, सही होती. मी त्याच संध्याकाळी 51 हजार बयाणा दिला.

मग भाऊजींच्या आग्रहाने कागद घेऊन एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी आरएल लेटर बाजूला ठेवलं आणि जुना फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, मागवला. चार दिवसांनी त्यांनी त्यातल्या एका ओळीवर पेन्सिल टेकवली. “ताई, इथे वाचा.” मूळ शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर वारस म्हणून पाच नावं चढली होती, दोन मुलगे आणि तीन मुली. ले-आउट पाडून प्लॉट विकताना सह्या फक्त मुलग्यांच्या होत्या. बहिणींचं हक्कसोडपत्र कुठेच नव्हतं. त्यातली एक बहीण उद्या कोर्टात उभी राहिली, तर आरएल लेटर मला वाचवणार नव्हतं. बाईंनी सर्चचे, म्हणजे जुन्या नोंदी तपासण्याचे, 4 हजार घेतले. बयाण्यातले 20 हजार मला अकरा महिन्यांनी परत मिळाले, बाकीचे अजून यायचे आहेत.

आरएल म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. नागपुरात शेकडो ले-आउट मंजुरीशिवाय पडले. ‘572 ले-आउट’ आणि ‘1900 ले-आउट’ ही अशा ले-आउटच्या गटांची नावं इथल्या जुन्या माणसांना पाठ आहेत. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने असे भूखंड ठरावीक शुल्क भरून नियमित करायची वाट दिली. तेव्हा आरएल इतकंच सांगतं की या भूखंडाचं नियमितीकरण झालं आहे. मालक कोण, वारस किती, कर्जाचा बोजा आहे का, कोर्टात दावा चालू आहे का, याबद्दल ते पत्र काहीही बोलत नाही. पत्र खरं आहे का, हेसुद्धा ज्या कार्यालयाने दिलं तिथेच जाऊन विचारावं लागतं.

मालकीची गोष्ट दुसरे कागद सांगतात, आणि ते महाग नाहीत. एजंटकडून मौजा (गाव), पटवारी हलका (तलाठी सजा) नंबर आणि खसरा (गट) क्रमांक घ्या. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. त्यातला ‘इतर अधिकार’चा रकाना आधी वाचा, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा तिथे दिसतो. भोगवटादार वर्ग 2 लिहिलं असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. ‘आपली चावडी’ या सरकारी वेबसाइटवर चालू फेरफाराच्या नोटिसा दिसतात. जमीन पिवळ्या (राहण्याच्या) पट्ट्यात आहे की हिरव्या (शेतीच्या), हे झोन दाखल्यावरून कळतं. शहराच्या हद्दीबाहेर त्यासाठी एनएमआरडीएकडे, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, जावं लागतं. आणि तीस वर्षांचा सर्च वकिलाकडून, पण तो वकील बिल्डरने सुचवलेला नको. मार्गदर्शन म्हणतात ते हेच. एवढे कागद एकदा स्वतः फिरून गोळा केले की पुढच्या सौद्यात कोणी सहज फसवू शकत नाही.

बयाण्याबद्दल फार लिहायला नको. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार विक्रीच्या नुसत्या कराराने जमिनीत हक्क येत नाही. मुखत्यारपत्रावर झालेली ‘विक्री’ ही विक्री नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं. आणि रेराच्या कक्षेतल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर नवीन ले-आउट पाडून प्लॉट विकायचे तर आधी रेरा नोंदणी हवी. म्हणजे आज पडणारा जवळपास प्रत्येक ले-आउट त्यात आला.

राहिला भाव. समृद्धी महामार्ग झाला, मेट्रो आली, वर्धा रोडला भाव वाढले, हे खरं आहे. पण गुंतवणूक म्हणून घेताना तुलना करावी लागते. 10 लाख 7 टक्के चक्रवाढीने दहा वर्षं ठेवले तर साधारण 19 लाख 67 हजार होतात. प्लॉटने तेवढं दिलं तरच तो बरोबरीला आला, आणि त्याआधी मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, कंपाउंड हे सगळं खिशातून गेलेलं असतं. दरम्यान घरात आजारपण निघालं तर प्लॉटचा तुकडा मोडून दवाखान्यात भरता येत नाही. गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबावं लागतं. आणि ज्याच्या मालकीतच खोट आहे, त्या प्लॉटचा भाव कितीही चढला तरी तो कागदावरच राहतो. बँक त्यावर कर्ज देत नाही, गिऱ्हाईकाचा वकील त्याला परत पाठवतो.

भाचीला बेसा-बेलतरोडीकडचा एक प्लॉट आवडलाय. एजंटकडून खसरा क्रमांक घेतलाय, सातबारा काढलाय, बयाणा दिलेला नाही. सोमवारी ती फेरफाराची नक्कल मागायला पटवाऱ्याकडे जाणार आहे. मी तिला म्हटलं, सकाळी लवकर जा, दुपारी ते फिरतीवर निघून जातात. आणि मूळ मालकाला किती मुली होत्या, ते आधी बघ.