जांघेत गाठ आली म्हणजे उपचार संपले, हा मेसेज चुकीचा आहे

कालपासून आमच्या सिंहगड रोडच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: योनीमुखाचा कॅन्सर जांघेतल्या गाठींपर्यंत गेला की उपचार नसतो, तुकडा तपासायला काढला तर तो पसरतो, घरीच काढा द्या. मी रेडिएशन विभागात नर्स आहे, असे पेशंट बघते, म्हणून लिहिते.

जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलेला आजार साधारण तिसऱ्या स्टेजचा. लगेच ऑपरेशन केलं तर मूत्रमार्ग किंवा गुदद्वार गमवावं लागणार असेल, तर आधी रेडिएशन देतात. सोमवार ते शुक्रवार, ५-६ आठवडे, आणि सोबत बहुधा आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचं सलाईन. काहींची गाठ एवढ्यानेच विरते, काहींचं उरलेलं ऑपरेशनने काढतात. त्रास होतो, खोटं कशाला सांगू. त्वचा सोलवटते, लघवीला गेलं की आग होते. परकर सैल नि सुती हवा, कोमट पाण्याच्या टबात बसायचं, हे आम्ही सुरुवातीलाच सांगतो.

फुप्फुसात, यकृतात गेलेला सहसा पूर्ण बरा होत नाही. पण तिथेही केमो असते, काहींना इम्युनोथेरपीही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं) चालते.

आणि बायोप्सीने, म्हणजे तुकडा तपासायला काढल्याने, हा कॅन्सर पसरत नाही. तिच्याशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत.

आधीच लाजेपायी बायका महिनोन्‌महिने खाज अंगावर काढतात. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.